भेग जिथे वाकते

आमचं सगळं काम एका स्टीलच्या खिळ्यावर उभं असतं. कोटद्वारहून निघायचं, सतपुली, पौडी, श्रीनगर, रुद्रप्रयाग करत उखीमठपर्यंत चढायचं, आणि वाटेत जिथे जागचा न हललेला अस्सल खडक उघडा पडलेला दिसेल तिथे भोक पाडून बोटभर लांबीचा खिळा पक्का बसवायचा. असा खडक मिळणं सोपं नाही. पौडीच्या आसपास फिलाइट आहे, त्याचे हाताने पापुद्रे निघतात. दिसायला भरभक्कम वाटणारी शिळा पुष्कळदा कधीकाळी वरून घरंगळत आलेली असते. तिच्यावर मोजमाप केलं तर आपण हिमालय सोडून ती एक शिळाच मोजत बसतो. खिळ्याच्या डोक्यावर एक बारीक खळगा असतो. त्यावर ट्रायपॉड उभा करायचा, बुडबुडा मधोमध आणायचा, भिंगातून खाली बघत फुली त्या खळग्यावर आणायची, मग पुन्हा बुडबुडा, कारण एक जुळलं की दुसरं ढळतंच. अँटेनाची उंची तीन बाजूंनी मोजून वहीत लिहायची. जीपीएस रिसीव्हर चालू केला की दोन-तीन दिवस त्याची राखण. रात्री उठून बॅटरी तपासायची, दिवसा माकडं केबलला हात लावणार नाहीत याकडे लक्ष ठेवायचं.

पुढच्या वर्षी त्याच खिळ्यावर पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. देहरादूनला परतून हिशेब मांडताना भारताचं पठार स्थिर धरायचं आणि त्याच्या तुलनेत बाकीचे खिळे कुठे सरकले ते बघायचं, अशी आमची रीत. मग असं दिसतं: कोटद्वारचा खिळा जवळजवळ जागच्या जागी. पौडीचा नैर्ऋत्येला किंचित सरकलेला. रुद्रप्रयाग सोडलं की आकडे भराभर वाढतात, आणि हिमशिखरांपलीकडे तिबेटच्या बाजूला वर्षाला सुमारे १८ मिलिमीटरवर जाऊन थांबतात. तिबेटची बाजू दरवर्षी एवढी पुढे येते, पण ते येणं पायथ्याला पोचत नाही. मधल्या शंभर किलोमीटरांतला खडक ते अंगावर घेतो आणि तेवढा दाबला जातो. हाच साठत जाणारा ताण. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये मांडलेला विचार आजही आमच्या कामाचा पाया आहे: भेगेच्या दोन बाजू एकमेकींना धरून राहतात, दूरचा खडक सरकत राहतो, मधला वाकत राहतो, आणि धरून ठेवण्याची ताकद संपली की वाकलेला खडक एका झटक्यात सरळ होतो.

हिमालयाखालच्या या भेगेला मेन हिमालयन थ्रस्ट म्हणतात. शिवालिकच्या दक्षिण कडेला ती जमिनीवर येते आणि तिथून उत्तरेकडे डोंगराखाली शिरते. तिच्या खाली भारत, तिच्या वर हिमालय. पायथ्यापासूनचा शंभरेक किलोमीटर रुंदीचा पट्टा जखडलेला आहे. त्याच्या पलीकडे खोलवर खडक इतका तापलेला आहे की तिथे भेग धक्का न देता सावकाश सरकत राहते. जखडलेलं जिथे संपतं आणि सरकणं जिथे सुरू होतं ती सीमा बहुतेक ठिकाणी उंच हिमालयाच्या तोंडाशीच येते, आणि ताण सगळ्यात वेगाने तिथेच चढतो.

इथवर सगळ्यांचं एकमत आहे. वाद सुरू होतो तो त्या भेगेचं चित्र काढायला बसल्यावर.

मी या कामात आले तेव्हा आमच्या बहुतेक मॉडेलांत भेग म्हणजे एक सरळ तिरकी रेघ असायची. त्याला कारण होतं. योशिमित्सु ओकादा यांनी १९८५ मध्ये दिलेली सूत्रं आयताकृती सपाट पृष्ठभागासाठी आहेत. लांबी, रुंदी, उतार आणि खोली घातली की वरची जमीन किती हलेल याचं उत्तर लगेच मिळतं. त्या सूत्रांनी जगभरच्या भूकंप-अभ्यासाला मोठं बळ दिलं आहे आणि मला त्यांच्याविषयी आदरच आहे. पण रेघ सरळ काढली की भेगेवरची एक जागा दुसरीपेक्षा वेगळी उरत नाही. भूकंप कुठेही सुरू होईल, कुठेही थांबेल, असं वाटू लागतं. डोंगर मात्र तसं सांगत नाही.

रुद्रप्रयागहून मंदाकिनीच्या काठाने वर जाताना हे डोळ्यांना दिसतं. अगस्त्यमुनीपर्यंत दरी पसरट आहे, काठाने शेतं आहेत. पुढे कुंडकडे जाता जाता नदी घळीत शिरते, कडे उभे होतात, रस्त्यावर दरडींच्या खुणा वाढतात. थोडक्या अंतरात डोंगराचा स्वभाव बदलतो. खालची भेग एकाच उताराची असती तर हा बदल इथेच का व्हावा? गढवालमध्ये भूकंपलहरींच्या नोंदींवरून निघालेलं चित्र असं आहे: पायथ्याकडून येणारी भेग दहाएक किलोमीटर खोलीवर जवळजवळ आडवी, दोनेक अंशांच्या उताराने जाते. मग उंच हिमालयाच्या समोर ती एकदम १६ अंशांनी खाली वळते, आणि वीसेक किलोमीटर खोलीच्या पुढे पुन्हा सपाट होते. सपाट भागाला आम्ही फ्लॅट म्हणतो, उताराच्या भागाला रॅम्प. आता शाळेतल्या त्रिकोणमितीचा हिशेब करून बघा. १६ अंशांच्या चढावर १८ मिलिमीटर सरकलं की उंची जवळजवळ पाच मिलिमीटर वाढते. दोन अंशांच्या फ्लॅटवर तेवढंच सरकलं तर अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशीच जास्त. उंच शिखरांची रांग रॅम्पच्या अंगाला आणि पौडीचे तुलनेने बुटके डोंगर फ्लॅटवर, हा योगायोग नाही. भेगेचा आकार डोंगराच्या उंचीत वाचता येतो.

नेपाळमध्ये हे आधी लक्षात आलं. तिथल्या खाण व भूगर्भ विभागाचे एम. आर. पांडे आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की देशभर नोंदले जाणारे बारीक भूकंप वाटेल तिथे होत नाहीत. उंच हिमालयाच्या समोरून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात ते दाटीवाटीने होतात, आणि त्या पट्ट्याखाली रॅम्प आहे. जमिनीची उंची ३५०० मीटरच्या वर गेली की हे भूकंप विरळ होतात, कारण वरच्या डोंगराचं वजनच तिथला ताण बदलून टाकतं. जमिनीतली विद्युतवाहकता मोजणाऱ्यांना त्याच पट्ट्याखाली खडकात पाणी मुरलेलं असल्याच्या खुणा सापडल्या. पुढे तर असंही दिसलं, की हे बारीक भूकंप पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त होतात. पावसाळ्यात गंगेच्या मैदानात साठलेल्या पाण्याच्या भाराने जमीन दबते, पाणी ओसरलं की वर येते, आमच्या जीपीएसच्या आलेखांत तो चढउतार दरवर्षी उमटतो. इतक्या हलक्या भाराला रॅम्पवरचा खडक प्रतिसाद देतो, यावरून तो तुटण्याच्या किती जवळ नेहमीच असतो ते कळतं.

वळणाशी नेमकं काय होतं ते सांगते. पायरीवर जाड गोधडी टाकली आणि मागून पुढे ढकलली, तर पायरीच्या कोपऱ्याशी तिला दुमडावंच लागतं. ढकलत राहा, दुमड त्या कोपऱ्याशीच राहते, आणि गोधडीचा नवा नवा भाग तिच्यातून पार होत राहतो. हिमालयात या गोधडीच्या जागी दहा-वीस किलोमीटर जाडीचा खडक आहे. जॉन सप यांनी १९८३ मध्ये अशा वळणांवरून सरकणाऱ्या खडकाला कशा घड्या पडतात त्याची भूमिती मांडली. भेग अगदी तेल घातल्यासारखी सहज सरकत असती तरीही वळणापाशी वरच्या खडकाला आपलं अंग मोडावंच लागलं असतं. म्हणून वळणाशी दोन गोष्टी एकाच जागी येतात. जखडलेपणामुळे साठणारा ताण, जो भूकंपात परत मिळतो, आणि आकारामुळे पडणारी घडी, जी परत मिळत नाही. त्यात जिथे भेगेचा चढ जास्त तिथे आडवा दाब तिला जास्त आवळतो, म्हणजे घसरणं अवघड. भूकंप फ्लॅटवरून धावत आला आणि पुढे असा चढ लागला, तर त्याला तो चढून जाण्यापुरता ताण तिथे आधीच साठलेला असावा लागतो. नसला तर तो तिथेच थांबतो.

माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट इथे येते, आणि ती समजायला मला पुष्कळ वेळ लागला. इतक्या निगुतीने लावलेल्या त्या खिळ्यांना दोन भूकंपांच्या मधल्या काळात भेगेचा आकार जवळजवळ दिसतच नाही. जखडलेला भाग मुळात हलतच नाही, आणि जे हलत नाही ते सरळ आहे की वाकडं, याची खबर वरच्या जमिनीला मिळणार कशी? वरचे वेग ठरतात ते खोलवर सरकणारा भाग कुठे सुरू होतो यावरून. त्यामुळे सरळ रेघेचं मॉडेलही आमच्या आकड्यांना छान बसायचं, रॅम्प घातलेलंही छान बसायचं. मॉडेल बसलं म्हणजे ते खरं, असं मानण्याचा मोह या क्षेत्रात फार मोठा आहे. संपूर्ण हिमालयाच्या जीपीएस नोंदी एकत्र केल्या तर काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत भेग जवळपास सगळीकडे जखडलेली दिसते, मध्ये सैल सोडलेला असा तुकडा ठळकपणे सापडत नाही. मग आजवरचे भूकंप काही ठिकाणी थांबले ते का थांबले? जीपीएस या प्रश्नावर गप्प आहे. उत्तर आकाराकडे मागावं लागतं, आणि आकार दिसण्यासाठी भेगेने हलावं लागतं.

ती २५ एप्रिल २०१५ ला हलली. नेपाळमध्ये शनिवार सुट्टीचा असतो आणि वेळ दुपारी बाराला चार मिनिटं कमी अशी होती. शाळा बंद होत्या, खेड्यांत बरीच माणसं शेतावर होती. तरीही सुमारे नऊ हजार माणसं गेली. लांगटांग गाव हिमप्रपाताखाली संपूर्ण गाडलं गेलं. गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ १५ किलोमीटरच्या आसपास खोलीवर सुरुवात झाली आणि भेग पूर्वेकडे दीडशेएक किलोमीटर तुटत गेली. ७.८ तीव्रता. काठमांडूजवळच्या काकनीच्या टेकडीवर जीपीएसचं कायम बसवलेलं केंद्र होतं, ते सेकंदाला पाच वेळा नोंद घेत होतं. त्या केंद्राचा आलेख पहिल्यांदा पडद्यावर उघडला तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत राहिले. आम्ही वर्षाला मिलिमीटर मोजणारी माणसं. इथे डोंगर काही सेकंदांत मीटरहून जास्त सरकला होता. इतक्या वर्षांचा साठा कसा बाहेर पडतो, ते इतक्या जवळून याआधी कुणी क्वचितच पाहिलं असेल.

काही दिवसांतच रडार उपग्रहांच्या प्रतिमा आल्या. सेंटिनेल उपग्रहाच्या प्रतिमेतला एक रंगपट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने सुमारे २.८ सेंटिमीटरचं सरकणं. काठमांडूच्या भोवती असे पट्टे एकावर एक दाटले होते, आणि ते मोजत आत गेलं की मधला भाग मीटरभर वर आलेला निघत होता. त्याच्या उत्तरेला, उंच हिमालयाच्या बाजूला, उलटं होतं. तिथली जमीन खाली गेली होती. वर्तमानपत्रांतून तेव्हा विचारलं जात होतं, भूकंपाने हिमालय उंच झाला का? उंच पर्वताची रांग खचली होती. दोन भूकंपांच्या मध्ये रॅम्पच्या वरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर चढत राहते, भूकंपात त्यातला बराचसा भाग परत करते, आणि जे उरतं त्यातून शिखरं उभी राहतात. किती उरतं ते रॅम्पच्या चढावर अवलंबून. जॉन एलियट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये गोरखा भूकंपाच्या आधारे भेगेचा आकार आणि वरचा डोंगर यांचं हे नातं मांडलं, तेव्हा मंदाकिनीच्या काठी पडलेल्या माझ्या प्रश्नाला पहिल्यांदा आकड्यांचं उत्तर मिळालं.

त्याच वर्षी ज्युडिथ हबर्ड आणि सहकाऱ्यांनी आणखी महत्त्वाची गोष्ट पुढे ठेवली. तुटलेला तुकडा हा भेगेचा एक फ्लॅट होता, आणि त्याच्या कडांना जास्त चढाचे भाग होते. भूकंप त्या चढांच्या मध्ये मावला होता. सगळ्यांना हे पटलं असं नाही. सरळ पृष्ठभाग घेऊनही उपग्रहाचे आकडे बसवून दाखवणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचं गणित चुकलेलं नाही. पण पश्चात धक्क्यांच्या जागा, बारीक भूकंपांचा जुना पट्टा, विद्युतवाहकता, नद्यांचे उतार, हे सगळं एकत्र ठेवलं की माझं मन वाकलेल्या भेगेच्या बाजूला जातं. प्रत्येक पद्धत एकटीने अपुरी आहे. इतक्या वेगवेगळ्या वाटांनी येणारे पुरावे एकाच जागी मिळतात तेव्हा त्यांना वजन द्यावं लागतं.

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात मी काठमांडूहून दक्षिणेला गेले. सहकारी बारपाककडे, पडलेल्या गावांकडे गेले होते, मला न तुटलेला भाग बघायचा होता. भूकंप काठमांडूच्या खाली येऊन थांबला होता. तिथून भेग जिथे जमिनीवर येते त्या पायथ्यापर्यंत सुमारे ५० किलोमीटरचा पट्टा जागचा हलला नव्हता. दामनच्या घाटातून उतरताना अजून पडझड दिसत होती, हेटौडा ओलांडून चुरिया टेकड्यांपाशी आलो तोवर ती जवळजवळ दिसेनाशी झाली. चहाच्या टपरीवर माणसं आम्हाला सांगत होती की इकडे देवाची कृपा, मोठं काही झालं नाही. मी मान डोलावली, आणि पुढचं वाक्य मला बोलता येईना.

कारण तिथून जवळच बकेया नदी आहे. नदीच्या आजच्या पात्राच्या कितीतरी वर, टेकडीच्या कुशीत, गोलगोल गोट्यांचा थर दिसतो. हातात घेतलेला गोटा सगळ्या बाजूंनी घासून गुळगुळीत झालेला, नदीशिवाय दुसऱ्या कुणी असा केलेला नाही. म्हणजे तो थर कधीकाळी नदीचं पात्र होता आणि उचलला गेला आहे. जेरोम लावे आणि ज्याँ-फिलिप आव्हुआक यांनी बागमती आणि बकेया नद्यांकाठच्या अशा जुन्या थरांची वयं आणि उंची मोजून हिशेब काढला होता. गेल्या काही हजार वर्षांची सरासरी घेतली तर वर्षाला सुमारे २१ मिलिमीटर सरकणं या अगदी पुढच्या कडेला येऊन पोचतं. जीपीएस उत्तरेकडून जेवढं येताना दाखवतं, जवळपास तेवढंच सगळं. अधल्यामधल्या भूकंपांत ते वाटेत अडकतं, रॅम्पशी थांबतं, फ्लॅटच्या कडेला साठतं, पण शेवटी पायथ्यापर्यंत येतंच. मग कधी ना कधी असा भूकंप होतो जो अधेमधे न थांबता कडेपर्यंत धावतो.

तसे भूकंप झालेले आहेत. १५ जानेवारी १९३४ चा बिहार-नेपाळ भूकंप पायथ्याला जमीन फाडून वर आला होता, हे सोम सापकोटा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये खंदक खोदून आणि नदीकाठची थरांची मोडतोड वाचून दाखवलं. त्याच जागी १२५५ च्या भूकंपाचीही खूण मिळाली, ज्यात नेपाळचा राजा अभय मल्ल गेला. उलट १८३३ चा भूकंप बराचसा २०१५ सारखा, काठमांडूच्या भागातच हादरवून थांबलेला. एकच भेग कधी एक फ्लॅट तुटण्यावर भागवते, तर कधी सगळी वळणं ओलांडून तुटते. अर्ध्यावर थांबणारे भूकंप पुढच्या वळणाशी ताण टाकून जातात, आणि तो पुढच्या मोठ्या भूकंपाच्या वाटेवर पडून राहतो. २०१५ नंतर जीपीएसने पाहिलं की भूकंपानंतरचं सावकाश सरकणं मुख्यतः उत्तरेला, खोलवर झालं. दक्षिणेच्या त्या ५० किलोमीटरांत फारसं काही सुटलं नाही. तिथला साठा तसाच आहे.

गढवालमध्ये खिळे मोजायला गेलं की शाळेच्या आवारात मुक्काम पडतो, आणि मास्तर हमखास विचारतात, "मैडम, बड़ा वाला कब आएगा?" चमोली जिल्ह्यातल्या एका मास्तरांनी पुढे जोडलं होतं, की इथे दर महिन्याला काही ना काही हलतं, म्हणजे थोडं थोडं निघून जात असणार ना? त्यांनी २९ मार्च १९९९ चा भूकंप अनुभवला होता, त्याआधी २० ऑक्टोबर १९९१ चा उत्तरकाशीचा, ज्यात सातशेहून अधिक माणसं गेली. दोन्ही भूकंप त्या रॅम्पच्याच पट्ट्यातले. मी वहीच्या मागच्या पानावर त्यांना हिशेब काढून दाखवला. तीव्रता एकने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. म्हणजे ८ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ७ तीव्रतेचे ३२ भूकंप हवेत, ६ चे हजार. गढवालने १८०३ मध्ये मोठा भूकंप पाहिला, त्यानंतर वर्षाला १८ मिलिमीटर धरले तर चार मीटरच्या आसपास सरकणं येणं बाकी आहे. १९९१ आणि १९९९ ने त्यातलं नगण्य फेडलं. मास्तरांनी ते पान फाडून घेतलं, वर्गात दाखवतो म्हणाले.

कधी, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आमच्यापैकी कुणी ते देऊ लागलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण भूकंप कुठून सुटेल, कुठवर धावेल आणि कुठे अडेल, या प्रश्नांचं उत्तर भेगेच्या आकारात आहे. ते मिळवता येण्यासारखं आहे, आणि माणसांच्या जिवाच्या दृष्टीने तेच जास्त कामाचं आहे. घर आज भूकंप झाला तरी उभं राहिलं पाहिजे आणि शंभर वर्षांनी झाला तरी. ते किती जोराचं हादरणं सोसायला बांधायचं, हे मात्र भूकंप कुठवर पोचेल यावर ठरतं.

हा आकार थेट खणून बघता आला तर? मी पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या घरच्या बोलण्यात कायम होता. तिथली भेग जवळजवळ उभी आणि उथळ. कऱ्हाडला आता भूकंपाच्या अभ्यासासाठी खास प्रयोगशाळा आहे आणि कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल विवर खणून भूकंप जिथे जन्मतात तिथल्या खडकाकडे थेट बघण्याची वाट काढली आहे. हिमालयात ती सोय नाही. रॅम्प दहा ते वीस किलोमीटर खोल, आणि रशियातल्या कोला इथलं जगातलं सगळ्यात खोल विवरही सव्वाबारा किलोमीटरवर थांबलं. इथे आकार वरूनच, लहरी ऐकून काढावा लागतो.

गढवालखालच्या भेगेचा आकार आपल्याला एका-दोन रेषांवर बरा माहीत आहे. त्या रेषांच्या मध्ये, आणि विशेषतः पायथ्याकडच्या अर्ध्या भागात, आमच्यात मतभेद आहेत. पौडीपासून कोटद्वारपर्यंत भेग सलग सपाट असेल तर रॅम्पवर सुटलेला मोठा भूकंप अडायला वाटेत काहीच नाही. मग देहरादून, ऋषिकेश, हरिद्वार थेट सरकणाऱ्या भागाच्या वर किंवा त्याच्या ओठावर येतात. मध्ये एखादं वळण असेल तर २०१५ सारखा अर्ध्यावर थांबलेला भूकंप शक्य आहे, आणि मग उरलेला साठा पुढच्यासाठी. माझं मत मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे. आकार पक्का कळेपर्यंत दूनमधल्या इमारती, पूल आणि इस्पितळं यांचा हिशेब भूकंप पायथ्यापर्यंत पोचेल असं धरूनच व्हावा. ऋषिकेश ते कर्णप्रयाग या १२५ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाचा बहुतेक भाग बोगद्यांतून आहे, आणि तो याच फ्लॅटच्या वरून रॅम्पच्या दिशेने जातो. अशी कामं होत असताना खालची भेग सरळ रेघ मानून चालणं मला मान्य नाही.

आकार पक्का कळण्यासाठी कोटद्वार ते उखीमठ भूकंपमापकांची दाट रांग हवी, दर चार-पाच किलोमीटरला एक, आणि ती निदान दोन वर्षं चालू राहायला हवी, म्हणजे दूरच्या भूकंपांच्या लहरी खालच्या भेगेपाशी रूपांतरित होऊन पुरेशा वेळा नोंदल्या जातील. पायथ्याकडच्या निम्म्या जागा आम्ही बघून ठेवल्या आहेत. शाळांची आवारं, पंचायतीच्या खोल्या, वनखात्याच्या चौक्या, जिथे वीज नाही तिथे सौर पॅनेल. चमोलीच्या त्या मास्तरांची बदली आता सतपुलीच्या बाजूला झाली आहे, आणि त्यांनी शाळेमागची एक कोरडी खोली यंत्रासाठी मोकळी करून ठेवली आहे. तिच्या जमिनीखाली हातभर खोलीवर पक्का खडक लागतो, ते मी स्वतः खणून बघितलं.